नोंदवहीतला पहिला भ्रूण

मला सामान्य व्यक्ती म्हणून नेमल्याचं पत्र आलं तेव्हा मला निवृत्त होऊन सात महिने झाले होते. कागद जाड होता आणि वर सोनेरी बोधचिन्ह होतं. ‘आपली सामान्य व्यक्ती या पदावर नियुक्ती करताना आनंद होत आहे.’ मुदत तीन वर्षं. मुदत संपल्यावर माझं काय होणार, याचा खुलासा पत्रात नव्हता.

पत्र आमच्या शहरातल्या एका संशोधन केंद्राचं होतं. मूल होत नाही म्हणून उपचार करणारं एक मोठं खासगी रुग्णालय आहे, त्यांनीच ते काढलेलं. या उपचारांत शरीराबाहेर भ्रूण तयार करतात, लागतील तेवढे वापरतात आणि उरलेले गोठवून ठेवतात. पुढे मूलबाळ होऊन घर भरलेली काही जोडपी उरलेले भ्रूण अभ्यासासाठी देऊन टाकतात. त्यांचा अभ्यास करायचा तर सरकारची परवानगी लागते, प्रत्येक भ्रूणाची नोंद ठेवावी लागते आणि वर एक नीतिमत्ता समिती लागते. समितीत डॉक्टर, वकील आणि शास्त्रज्ञ असतात. आणि एक अशी व्यक्ती असावी लागते, जिला यातलं काहीही कळत नाही. ती आल्याशिवाय बैठक भरत नाही. शिवाय समितीत बायकाही कमी होत्या. माझ्या एकटीत दोन्ही उणिवा भरून निघत होत्या.

माझे पती वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं माल तपासण्याच्या खात्यात होते. पत्र वाचून ते म्हणाले, “काही कळत नाही म्हणून मानानं बोलावतात, हे आपल्या घरात पहिल्यांदाच होतंय.”

मी कॉलेजात ग्रंथपाल होते. तिथेही मी मोजण्याचंच काम केलं. दर उन्हाळ्यात पुस्तकं आणि दाखल नोंदवही समोरासमोर ठेवायची आणि काय कमी भरतंय ते बघायचं. ग्रंथालयाबाहेरच्या लोकांना वाटतं की ग्रंथपाल वाचतात. खरं तर ते हरवलेल्या पुस्तकांची यादी करतात.

समितीच्या बैठका चांगल्या होत. कोणताही कागद आला की सगळे माझ्याकडे वळून विचारायचे, “मॅडम, सामान्य माणसाला हे कळेल का?” मी म्हणायचे, “नाही.” मग सगळे माझे आभार मानायचे आणि कागद मंजूर व्हायचा. एकदाच मी हट्टाला पेटले. जोडप्यांनी सही करायच्या संमतीपत्रात एक वाक्य साडेपाच ओळींचं होतं आणि त्याच्या शेवटी भ्रूणाचं नेमकं काय होणार ते येत नव्हतं. ते मला नव्याने लिहायला दिलं आणि मदतीला प्रयोगशाळेतली मुलगी दिली.

मुलगी म्हणजे तिशीतली बाई, पण मला ती मुलगीच वाटे. भ्रूण प्रत्यक्ष हाताळणारी तिथे ती एकटी. कागदोपत्री जबाबदार व्यक्ती म्हणूनही तिचंच नाव होतं. तिचे वडील फर्दापूरच्या वरच्या अंगाला मेंढरं राखतात. ती आमच्याच कॉलेजात शिकलेली, त्यामुळे मला मॅडम म्हणायची. शहरात राहून तिची भाषा गुळगुळीत झाली होती, पण घाबरली की गावाकडची बोली वर यायची. आम्ही दोघींनी मिळून लिहिलं : ‘अभ्यास संपल्यावर हा भ्रूण नष्ट केला जाईल. तो कोणालाही दिला जाणार नाही.’ वकील म्हणाले, फारच उघड वाटतं. ती म्हणाली, “सर, उघडच सांगायचंय.”

संचालक मात्र वेगळ्या जातीचे. डॉक्टर म्हणून त्यांचं नाव होतं, पण मनापासून रमायचे ते उद्घाटनात. लिफ्टचं उद्घाटन झालं होतं. जनरेटरला वर्ष झालं तेव्हा पेढे वाटले होते. भ्रूण गोठवून ठेवायची नायट्रोजनची टाकी आली तेव्हा तिला हळद-कुंकू लावलं आणि नारळ फोडण्यासाठी सगळी मंडळी जिन्याखाली गेली, कारण प्रयोगशाळेत धूळ चालत नाही. इमारतीत इतक्या कोनशिला होत्या की एखाद्याला ती स्मशानभूमी वाटावी.

आणि मग यंदाच्या उन्हाळ्यात, एका सोमवारी, तपासणी आली.

तपासणी म्हणजे राज्याच्या कार्यालयातून आलेला एक अधिकारी. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, स्वतःचं पाणी, स्वतःचा पेन. संचालकांनी दारात शाल आणि नारळ तयार ठेवला होता. अधिकाऱ्यांनी तिकडे न बघता दार ओलांडलं आणि विचारलं, “बसायचं कुठे?” नियमाप्रमाणे समितीचा एक सदस्य हजर हवा होता. वकिलांना कोर्ट होतं, डॉक्टरांना रुग्ण होते. सामान्य व्यक्तीला काहीच नव्हतं.

पहिला तास शांतपणे गेला. मग त्यांनी लॅपटॉप वळवला आणि त्या मुलीला विचारलं.

“सरकारी पोर्टलवर तुम्ही आजवर मिळालेले भ्रूण दाखवलेत अडतीस. हिशेब सांगा.”

“एकतीस टाकीत आहेत, सर. पाचांचा अभ्यास संपला, ते नष्ट केले, त्यांचे कागद हे. एक आज सकाळी बाहेर काढलाय, तो उबवणपेटीत आहे.”

“सदतीस झाले.”

“हो, सर.”

“अडतिसावा?”

“अडतिसावाच पेटीत आहे.”

त्यांनी पेन खाली ठेवला. “मग कोणता नाही?”

“पहिला.”

“पहिला कुठे आहे?”

“पहिला नव्हताच, सर.”

संचालक म्हणाले, “आपण चहा घेऊ या का?”

“आधी नोंदवही,” अधिकारी म्हणाले.

नोंदवही आली. चामडी पुठ्ठा, छापील रकाने, प्रत्येक ओळीला आधीच छापलेला अनुक्रमांक. पहिल्या पानावर प्रमाणपत्र होतं : या वहीत दोनशे पाने असून एकही पान फाडलेले नाही, यातील नोंद खोडता येणार नाही. त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही. मी त्या सहीकडे न बघता पान उलटलं, पण पुढचं पान मला पाठ होतं.

ओळ पहिली. ‘भ्रूण क्रमांक’ या रकान्यात टपोऱ्या, वळणदार अक्षरांत ‘॥ श्री ॥’. पुढचा रकाना ‘दाते’. दात्यांचं नाव कधीच लिहायचं नसतं, फक्त सांकेतिक क्रमांक लिहायचा असतो. तिथे एका माजी सभापतींचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, आणि खाली कंसात ‘सपत्नीक’. ‘प्राप्त झाला तेव्हाची स्थिती’ : अतिशय उत्तम. ‘साठवणुकीचे ठिकाण’ : छावणी, म्हणजे शहरातल्या ज्या भागात ते राहतात तो. ‘अंतिम विल्हेवाट’ : उत्तरोत्तर भरभराट होवो.

अधिकाऱ्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग चष्मा काढला, पुसला, आणि तिसऱ्यांदा वाचली.

“दात्याचं वय?” त्यांनी विचारलं.

“पंच्याहत्तर असेल,” मी म्हणाले.

“कायद्यात बसत नाही.”

“नाही ना. पण ते दाते नाहीत. ते प्रमुख पाहुणे होते.”

काय झालं होतं ते मी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं. अशा वेळी पाहुण्यांसमोर अभिप्रायाची वही ठेवतात, तशी वही संचालकांनी मागवलीही होती, पण ती छापखान्यातून आलीच नाही. फोटोवाला खोळंबला होता. टेबलावर एकच देखणी वही होती. संचालकांनी ती उघडून पाहुण्यांपुढे सरकवली. पाहुणे आयुष्यभर अभिप्राय लिहीत आलेले. त्यांनी रकाने बघितले, त्यांना ते सोयीचे वाटले, आणि प्रत्येक रकान्याला त्यांनी काही ना काही दिलं.

“तुम्ही तिथे होतात?” अधिकाऱ्यांनी मला विचारलं.

“होते.”

“थांबवलं नाहीत?”

“नाही.”

कारण त्यांना सांगितलं नाही, इथे सांगते. मला मजा वाटली. ‘अंतिम विल्हेवाट’ या रकान्यावर त्यांचा पेन थबकला, तेव्हा ते काय लिहितात ते बघायला मी टाचा उंचावल्या होत्या. घरी येऊन ही गोष्ट मी पतींना सांगितली आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने त्या ओळीवर लाल रेघ मारू का म्हणून विचारलं होतं. संचालक कडाडले, “श्रीवर रेघ? पाहुण्यांच्या सहीवर?” शिवाय खोडायचं नाही असं पहिल्याच पानावर लिहिलेलं. मग तिने खरा पहिला भ्रूण दुसऱ्या ओळीत लिहिला. पुढे पोर्टलवर आकडा भरायचं काम कार्यालयाकडे गेलं आणि कार्यालयाने सरळ शेवटच्या ओळीचा क्रमांक उचलला. तिने दोनदा लेखी कळवलं. कार्यालयाचं उत्तर आलं : पोर्टलवर आकडा वाढवता येतो, कमी करता येत नाही.

“त्या दोन पत्रांच्या प्रती आहेत?” अधिकाऱ्यांनी तिला विचारलं.

“आहेत, सर.”

तिने काढून दिल्या. त्यांनी त्या शांतपणे वाचल्या. मग म्हणाले ते मला आवडलं नाही, पण त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

“हे बघा, मला हे सगळं खरंही वाटतंय. पण माझ्या वाटण्याला अर्थ नाही. भ्रूण विकले जातात. एका जोडप्याचा दुसऱ्याला दिला जातो आणि दोघांनाही कळत नाही. हे होऊ नये म्हणून तर ही वही. सरकारी नोंदीत अडतीस आहेत, इथे सदतीस. एक कमी आहे. बुधवारी संध्याकाळी मी अहवाल देऊन निघणार. तोपर्यंत तो सापडला किंवा नव्हता हे सिद्ध झालं तर ठीक. नाहीतर ‘बेपत्ता’ लिहावं लागेल. प्रयोगशाळा सीलबंद होईल आणि जबाबदार व्यक्तीवर पोलिसांत तक्रार जाईल.”

जबाबदार व्यक्ती माझ्या शेजारी उभी होती. “मग तो पेटीतला?” तिने विचारलं.

“सीलबंद म्हणजे सगळंच.”

“त्याला रोज बघायला लागतंय, सर.”

हे ती स्वतःबद्दल काहीच बोलली नाही म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

त्या दुपारी अधिकारी जेवायला गेले आणि संचालकांनी आम्हाला आत बोलावलं. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांना मार्ग सापडला होता. “सोपं आहे. पोर्टलवर भ्रूणाच्या शेवटासाठी चार पर्याय आहेत. साठ्यात, अभ्यासात, हस्तांतरित, नष्ट. आपण पहिला नष्ट दाखवू. एक कागद करायचा, मागची तारीख टाकायची. तुझी सही, मॅडमची साक्ष. अडतीसचे अडतीस. उद्या सकाळी शाल घालून निरोप देऊ त्यांना.”

ती म्हणाली, “जो नव्हताच, त्याला मी नष्ट केला असं लिहू?”

“अगं, फक्त कागदावर.”

“सर, इथं कागदावरच तर असतंय सगळं. टाकीत बघून कुणाचा कुठला ते कळतंय व्हय? आणि नष्ट करायला जोडप्याची संमती लागते. ती कुणाची जोडू? सभापतींची?”

“हे बघ, तुझं करिअर आहे. मी तुझ्याच भल्यासाठी सांगतोय.”

“व्हय. म्हणून तर सही माझी हवीय तुम्हाला.”

इतकं बोलून ती स्वतःच दचकली. संचालकांनी माझ्याकडे बघितलं. सामान्य माणसाला हे कळेल का, असा तो जुनाच प्रश्न होता. मला कळलं होतं. मी म्हणाले, “मी साक्ष देणार नाही.” त्यांनी खांदे उडवले. “मग बुधवारी जे होईल ते होईल. माझं नाव कुठेच नाही.” हे मात्र खरं होतं. इमारतीत चारी भिंतींवर त्यांचं नाव होतं आणि वहीत कुठेच नव्हतं.

घरी पतींना सांगितलं तर ते यावेळी हसले नाहीत. म्हणाले, “आमच्याकडे एक नट कमी भरला की अख्खी लाईन थांबायची. कुठल्या तरी गाडीत तो सैल पडलाय असंच धरायचं. तो आलाच नव्हता, हे सिद्ध करायला पाठवणाऱ्याची चिठ्ठी लागायची.”

पाठवणारे म्हणजे माजी सभापती. मंगळवारी सकाळी आम्ही दोघी रिक्षाने छावणीत गेलो.

सभापती झोपाळ्यावर बसले होते. पद जाऊन पंधरा वर्षं झाली असतील, पण घरावरची पाटी जुनी झाली म्हणून नवी केली होती, तीवर पद कायम होतं, ‘माजी’ फक्त बारीक अक्षरांत. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला. उद्घाटन आहे असं त्यांना वाटलं. मी सगळी हकीकत सांगितली. ऐकता ऐकता त्यांचा झोपाळा थांबला.

“म्हणजे सरकारदरबारी माझा भ्रूण बेपत्ता आहे?”

“असं लिहिलं जाईल.”

“पेपरात येईल?”

यात थोडी आशा होती असा मला संशय आहे. पण मग त्यांनी पूर्ण विचार केला असावा. “छे, छे. या वयात? आणि सपत्नीक? गावाकडं तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“म्हणूनच तुम्ही दोन ओळी लिहून द्या. की त्या फक्त शुभेच्छा होत्या, तुम्ही काही दिलेलं नाही.”

“मॅडम, तुम्ही राजकारणात नव्हता.” त्यांनी समजुतीचा सूर लावला. “माणूस नाही म्हणायला लागला की लोकांना वाटतं काहीतरी होतं. मी चाळीस वर्षांत एकदाही खुलासा दिलेला नाही. आरोप आपोआप म्हातारा होऊन मरतो.”

“तोपर्यंत ही तुरुंगात जाईल.”

“कायदा आपलं काम करील,” ते म्हणाले, आणि झोपाळा परत हलू लागला.

त्यांच्या पत्नी मघापासून दारात शेवग्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “पोरी, कुणाची गं तू?”

“फर्दापूरच्या वरल्या अंगाची, मावशी. मेंढरं हायत आमची.”

“मग मोजदाद काय शिकवावी लागणार तुला. किती कमी भरतंय?”

“एक.”

“आन् हे म्हणतायत ते त्यांचं हाय?”

“वहीत तसं लिहिलंय.”

“त्यांनीच?”

“व्हय.”

त्यांनी शेंगांची ताटली बाजूला ठेवली. “अहो, कुठंबी वही दिसली की लिहिता. लग्नात लिहिता, दवाखान्यात लिहिता, परवा बँकेच्या तक्रारवहीत ‘कामकाज पाहून समाधान वाटले’ लिहून आलात. आता लिहा म्हनलं तर हात दुखतोय?”

“तुला यातलं कळत नाय.”

“मला यातलंच कळतंय. धाकट्या सुनेला चार वर्सं नेलं मी त्या दवाखान्यात. तिनं लई सोसलंय. दर खेपेला मी सुनेला विचारायची, आपलं ते आपल्यालाच देतील ना गं, बदलणार नाय ना कुणी? ती म्हणायची, आत्या, ते लिहून ठेवतात.” त्यांनी हात पदराला पुसले. “ते हीच लिहून ठेवते ना? मग तिला खोटं पाडू नका. द्या तो पेन.”

सभापतींनी पेन दिला नाही, पण कागद घेतला. मजकूर मी सांगितला : उद्घाटनाच्या दिवशी वहीच्या पहिल्या ओळीत मी जे लिहिले त्या निव्वळ शुभेच्छा होत्या; आम्ही उभयतांनी कोणताही भ्रूण दिलेला नाही, घेतलेला नाही, पाहिलेला नाही. त्यांनी तो सुंदर अक्षरात उतरवला. सही केल्यावर पेन उचलला नाही. तो हळूच पुढच्या ओळीवर गेला आणि लिहू लागला, ‘संस्थेच्या पुढील…’

“बास,” म्हणून बाईंनी कागद ओढला आणि ‘सपत्नीक’ होतं म्हणून स्वतःचीही सही केली. मग त्या मुलीच्या ओंजळीत दोन खारका ठेवल्या. त्या तिने परतताना रिक्षात खाल्ल्या.

बुधवारी दुपारी तीन वाजता आम्ही सगळे पुन्हा त्याच टेबलाशी बसलो. अधिकाऱ्यांनी निवेदन वाचलं. ‘पुढील’ या शब्दापाशी अर्धवट राहिलेलं वाक्य बघून विचारलं, “हे काय?”

“सवय,” मी म्हणाले.

ते किंचित हसले. पण अडचण सुटली नव्हती. “निवेदन ठीक आहे. पण ओळीचं काय करू? पोर्टलवर चार पर्याय. ‘नव्हताच’ हा पाचवा पर्याय नाही. आणि वहीत खोडता येत नाही.”

मी ग्रंथालयातली पद्धत सांगितली. कधी पुस्तक यायच्या आधीच त्याला दाखल क्रमांक दिला जातो आणि पुस्तक येतच नाही. तेव्हा तो क्रमांक खोडत नाहीत, दुसऱ्या पुस्तकालाही देत नाहीत. ओळ वाचता येईल अशी ठेवून शेजारी लाल शाईने ‘रद्द’ लिहायचं, कारण लिहायचं, तिघांनी सही करायची. खोडणं म्हणजे जे होतं ते लपवणं. यात काहीच लपत नाही.

“पुस्तकाचं ठीक आहे,” ते म्हणाले. “पण हा भ्रूण आहे. मी वर काय सांगू? की एक भ्रूण म्हणजे शुभेच्छा निघाल्या? माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने बेपत्ता लिहून केव्हाच गाडी धरली असती. उद्या कुणी विचारलं, तुम्ही कशावरून विश्वास ठेवलात? एका माजी सभापतींच्या चिठ्ठीवरून?”

संचालक पुढे वाकले. “साहेब, मघाशी दारात म्हणालो तसा नष्टचा कागद…”

“तुम्ही हे आत्ता दुसऱ्यांदा म्हणालात,” अधिकारी म्हणाले. “तिसऱ्यांदा म्हणालात तर मी लिहून घेईन.”

त्यांनी वहीची पानं मागून पुढे, पुढून मागे चाळली. कोऱ्या अहवालावर पेन टेकवला, उचलला. मला वाटलं ते ‘बेपत्ता’ लिहिणार. त्यांच्यासाठी तेच सुरक्षित होतं. ती समोर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. माझ्या मनात आलं, हिचं मन ठिकाणावर नाही.

साडेचारला तीन मिनिटं कमी असताना ती उठली.

“सर, मला आत जावं लागेल.”

“आपलं बोलणं चालू आहे,” अधिकारी म्हणाले.

“हो, सर. पण अडतिसाव्याची नोंद साडेचारची आहे.”

संचालकांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. “अगं, तुझी नोकरी चाललीय आणि तू…”

“नोकरी जायची ती पाचला जाईल, सर. आता साडेचार होतायत.”

आणि वही उचलून ती गेली. अधिकारी तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि मला विचारलं, “आत जाता येतं का आपल्याला?”

निळे झगे, टोप्या, पायांवर पिशव्या असं सगळं चढवून आम्ही दोघं आत गेलो. तिने वळून पाहिलं, पण हातातलं काम थांबवलं नाही. पेटीतून एक बशी काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, डोळा लावला. ओठांनी काहीतरी मोजलं. मग वहीच्या मागच्या, रोजच्या नोंदींच्या पानावर लिहिलं.

“मी बघू शकतो?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“एक मिनिटभर, सर. हात लावू नका.”

ते वाकले. किती तरी वर्षं हा माणूस भ्रूण मोजत होता. ते म्हणाले, “मी अजून एकही पाहिलेला नाही.” मला लाज वाटली, कारण मीही पाहिला नव्हता. दोन वर्षं मी याच भ्रूणांच्या वतीने चहा पीत होते.

“साबुदाणा भिजल्यावर दिसतो तसं आहे,” ते डोळा न काढता म्हणाले. “एका कडेला दाटी आहे.”

“तेच बघायचं असतं, सर. काल ती नव्हती.”

“हलत नाही?”

“नाही.”

“मग जिवंत आहे हे कसं कळतं?”

“कालच्या नोंदीशी ताडून.”

ते सरळ झाले. मग त्यांनी उभ्या उभ्याच वहीची मागची पानं चाळली. आधी बाहेर टेबलाशी चाळली तेव्हा ते फक्त क्रमांक बघत होते, आता ते वेळा बघत होते. पाचही भ्रूणांच्या, रोजच्या, साडेआठच्या आणि साडेचारच्या. रविवारच्या. दिवाळीतल्या. एके ठिकाणी चार चाळीस होतं आणि शेजारी कारण होतं : वीज गेली, जनरेटर सुरू होईपर्यंत दहा मिनिटे उशीर. मग त्यांनी मला बघू दिलं. मी वाकले. खरंच भिजलेला साबुदाणा होता. मी तो पुरेसा बघायच्या आतच तिने म्हटलं, “बास, मॅडम, गार होईल तो.”

वहीसकट बाहेर येऊन अधिकाऱ्यांनी लाल पेन मागितला. संचालकांनी तो शोधेपर्यंत अधिकाऱ्यांनी अंगावरचा झगाही काढला नव्हता. त्यांनी पहिल्या ओळीच्या शेजारी ‘रद्द. भ्रूण अस्तित्वात नव्हता’ असं लिहून सही केली, वही माझ्याकडे सरकवली, मी केली. मग अहवालावर लिहिलं : प्रत्यक्ष मोजणी सदतीस. मोजणी जुळते. पोर्टलवरील आकडा दुरुस्त करण्याची शिफारस. विश्वासाचं कारण म्हणून त्यांनी चिठ्ठीचा उल्लेख दुसऱ्या क्रमांकावर केला. पहिल्यावर लिहिलं : जबाबदार व्यक्तीच्या दैनंदिन नोंदी पाहता.

संचालकांनी फोटोग्राफरला बोलावू का असं विचारलं. ते नको म्हणाले.

तिसरी सही तिची हवी होती. मी वही घेऊन आत गेले आणि म्हणाले, “अगं, झालं. जुळलं. सही कर.”

ती पेटीचं दार लावून काचेवरचा आकडा वाचत होती आणि समोरच्या कागदावर तापमान उतरवत होती.

“एक मिनिट, मॅडम,” ती म्हणाली.